वाट होती, एवढंच सांगा

वन्सं गेल्याचा फोन नांदेडहून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. फोनवर आमचे हे होते, वन्संचे धाकटे भाऊ. रडत होते, त्यामुळे शब्द नीट कळेनात. पण दवाखान्यातून आलेल्या अशा फोनमध्ये जे कळायचं ते शब्दांच्या आधीच कळतं. मी फोन ठेवला, पुढच्या खोलीत जाऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिले... आणि तिकडून गाडी निघालीही नसेल तोच पुन्हा फोन वाजला. कुणा पुढाऱ्याचा माणूस होता. शोकसभा घ्यायचं ठरलंय म्हणाला, अध्यक्षही ठरलेत, फक्त मॅडमचा एखादा चांगला फोटो हवाय, फ्लेक्सला लागतो. चांगला म्हणजे कसा, मी विचारलं. ‘हसरा,’ तो म्हणाला. वन्सं फोटोसाठी कधी हसल्या नाहीत. हसायच्या त्या असले फोन करणाऱ्या माणसांना. शेवटी त्या लोकांनी वकिलांच्या कुठल्याशा जुन्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून काढला. शेजारच्या वकिलाचा अर्धा खांदा तसाच राहिला. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘थोर समाजसेविका’.

या शब्दाचा वन्संना मनस्वी तिटकारा होता. ‘समाजसेवा करायला मी काय रिकामी आहे? मी वकील आहे. मला वकील म्हणा,’ असं त्या तोंडावर सांगत. पण मेलेल्या माणसाला कोण विचारतो! शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले आणि त्यांनी वन्संची ज्योत, पणती, सावली, माउली असं काय काय करून टाकलं. आणि मग बापूसाहेब उठले. हे साखरा गावाच्या बाजूचं बडं प्रस्थ. जमीन किती ते विचारू नये. सीलिंगचा कायदा सगळीकडे गेला, यांच्या बांधावरून मात्र वळसा घालून गेला. वन्संनी ज्या माणसाशी अनेक वर्षं भांडण मांडलं तो हा माणूस. त्याने माईक हातात घेतला, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाला, ‘आमच्यात मतभेद होते, मनभेद कधीच नव्हते.’ टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी मात्र मागे वळून वळून बघत होते. ज्या तांड्यासाठी हे भांडण झालं, त्या तांड्यातलं एक माणूस तिथे नव्हतं. तांड्याचा नायक नव्हता, जिच्या तोंडून वन्संनी तो दावा लढवला ती केवळाबाई नव्हती. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं घर देवळातल्या पुजाऱ्यांचं. मी लग्न होऊन आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला; तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हाही झालेला नव्हता, मोठं काम निघालं की परभणी गाठावी लागायची. वन्सं तेव्हाच पुढच्या खोलीत वकिली करत होत्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की ‘स्थळाने तहकुबी मागितली, मी दिली नाही,’ एवढंच सांगायच्या. त्यांच्या खोलीत सोवळं-ओवळं काही चालत नसे. कनेरगाव नाक्याच्या बाया हातपंपाची तक्रार घेऊन यायच्या, तांड्यावरची माणसं चिखलाच्या पायांनी सरळ आत येऊन बसायची. ती उठून गेली की सासूबाई तांब्या घेऊन पाणी शिंपडत. वन्सं कागदातून डोकं वर न काढता म्हणत, ‘आई, पाणी वाया घालवू नकोस. ती माणसं उद्या परत येणार आहेत.’ फरशी पुसायची मला, त्यामुळे मला तेव्हा दोघींचाही राग यायचा.

सगळ्यात जास्त तुच्छता त्यांना ‘निवेदन’ या प्रकाराबद्दल होती. कचेरीसमोर दहा माणसं उभी करायची, साहेबाच्या हातात कागद द्यायचा, देताना फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आणायचा आणि घरी जाऊन झोपायचं. ‘निवेदन म्हणजे भीक,’ त्या म्हणत, ‘आणि भीक दिली नाही म्हणून साहेबाला कुणी जाब विचारत नाही.’ तांड्यांवर तेव्हा जीपमधून संस्थावाले येत. बायांना गोल बसवून गाणी म्हणायला लावत, हक्कांची जाणीव करून देत आणि जेवणाच्या वेळेला हिंगोलीत परत येत. वन्सं म्हणत, जाणीव बायांना आधीच आहे, नाल्यातून डोक्यावर ओझं घेऊन जाणाऱ्या बाईला जाणीव कसली करून देता? तिला हे सांगा की कुठल्या कचेरीत कोणत्या कलमाखाली गेलं की साहेबाला ‘बघतो’ म्हणता येत नाही. कायद्याचं त्यांना फार कौतुक होतं असंही नाही. कायदा म्हणजे बहिरा म्हातारा आहे, त्याला एकाच कानाने थोडंसं ऐकू येतं. मग त्या कानाशी जाऊन बोलायचं, दुसरीकडे बोंबलण्यात काय अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं.

केवळाबाईच्या तांड्याचं प्रकरण जिल्हा झाल्यानंतरचं. साखऱ्याच्या पुढे तो बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. आताची माणसं कोरडवाहू शेती करतात. तांड्यातून डांबरी रस्त्याला यायची एकच वाट, बापूसाहेबांच्या शेताच्या कडेने. एस.टी.चा थांबा, शाळा, डॉक्टर, सगळं त्या वाटेच्या पलीकडे. त्या वर्षी बायांच्या राखीव जागेवर केवळाबाई ग्रामपंचायतीत निवडून आली, ती बापूसाहेबांनी उभ्या केलेल्या बाईला पाडून. कायद्याने जागा राखून ठेवली होती, तर बापूसाहेब काय करणार? त्यांनी वाट बंद केली. संक्रांत झाली तशी बाभळीच्या फांद्या टाकल्या, मागून खांब आणि तार. आता नाल्यातून जायचं. उन्हाळ्यात ते जमलं, पण मृगानंतर नाला भरला आणि तांडा अडकून पडला. केवळाबाईची धाकटी सातवीत होती, तिची शाळा बंद झाली. एका म्हातारीला खाटेवर घालून नाल्याच्या काठापर्यंत आणलं आणि पाणी ओसरायची वाट बघत खाट तिथेच ठेवावी लागली.

ती माणसं वन्संकडे आली ती भर आषाढात. वन्संनी पहिलाच प्रश्न विचारला, वाट कधी अडवली? संक्रांतीला, असं नायकाने सांगितलं. वन्संनी हातातलं पेन खाली ठेवलं. रस्त्याचा अडथळा काढायला मामलेदार कोर्टाचा एक जुना कायदा आहे. तहसीलदाराला स्वतः जागेवर येऊन बघावं लागतं. चांगला कायदा, पण अडथळा घातल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. आणि सहा महिने नुकतेच होऊन गेले होते. ‘इतके दिवस काय करत होतात?’ वन्संनी विचारलं. नायक म्हणजे थावरू नाईक, म्हातारा, पागोटं मांडीवर ठेवून बसलेला. ‘शब्द देल्ता बाई,’ तो म्हणाला. ‘बापूसाहेब बैठकीत आले, म्हनले तिजेपस्तोर दम धरा, तीज झाली की वाट मोकळी करतो. म्या सगळ्या तांड्याम्होरं शब्द देला की तवर आमी कचेरीत जानार न्हाई. बैठकीत देल्ला शब्द मोडून कसा जाईन?’

तीज श्रावणात असते. संक्रांत ते तीज म्हणजे सहा महिन्यांच्या पुढे. बापूसाहेबांना ही मुदत कुणीतरी वकिलाने सांगितली असणार हे माझ्यासारखीलाही कळलं. तांड्याचा नायक बैठकीत शब्द देतो आणि मग जीव गेला तरी मोडत नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. माणसाच्या खरेपणाचा असा हिशेबाने वापर करणाऱ्याला काय म्हणावं? मला शब्द सुचत होते, वन्संना सुचले नाहीत. त्यांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं आणि त्या नायकाला म्हणाल्या, ‘तुमची तीज कशी असते ते मला सगळं सांगा.’

तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत काळी माती घालून गहू पेरतात. रोज गाणी म्हणत पाणी घालतात. रोपं हातभर झाली की सगळा तांडा वाजतगाजत टोपल्या घेऊन ओढ्यावर शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला जातो. त्याआधी ती हिरवी रोपं, त्यांनाही तीजच म्हणतात, मोठ्या माणसांना द्यायची, पुरुष ती पागोट्यात खोवतात. ‘बापूसाहेब घेतात का?’ वन्संनी विचारलं. ‘घेतात की! त्यांच्या बापापासून घेऊन राहिले. त्यांच्या बांधावर बाभळ हाय, तिथं पोरी थांबतात. बापूसाहेब ववाळणी घालतात.’ वन्सं म्हणाल्या, ‘मग तुमचा शब्द पाळा. तीज होईपर्यंत कचेरीत जाऊ नका. फक्त यंदा आमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः जा. सांगा, पहिला मान तुमचाच, वाट उघडली तर पोरी येतील.’ मला काही कळलं नाही. नायकालाही कळलं नसावं, पण तो गेला.

आणि बापूसाहेब भुलले. मानाला भुलणार नाही असा पुढारी अजून जन्मायचा आहे. त्यांनी स्वतः उभं राहून तार काढवली, फांद्या बाजूला केल्या, वर पेपरचा फोटोवालाही बोलावून घेतला. केवळाबाईच्या धाकटीने त्यांच्या फेट्यात रोपं खोवली. सगळा तांडा त्या वाटेने ओढ्यावर गेला आणि त्याच वाटेने परत आला. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी तार पुन्हा ओढून घेतली. नायकाने विचारलं, शब्दाचं काय? तर म्हणाले, पुढच्या तिजेला बघू. त्या दिवशी संध्याकाळी वन्सं घरात आल्या आणि मला म्हणाल्या, ‘मंगल, चहा टाक. आजपासून नवे सहा महिने.’ उघडलेली वाट पुन्हा अडवली म्हणजे नवा अडथळा, नवा अडथळा म्हणजे नवी मुदत. तीज झाली होती, त्यामुळे नायकाचा शब्दही जागच्या जागी राहिला होता.

दाव्याआधी वन्संनी केवळाबाईला पुढच्या खोलीत बसवून बोलायला शिकवलं. तो प्रकार मी दारातून बघितला. केवळाबाई हात जोडून सुरुवात करायची, ‘साहेब, आमी गरीब मानसं हाव, आमाला लई तकलीफ...’ आणि वन्सं टेबलावर हात आपटायच्या. पुन्हा. केवळाबाई पुन्हा गरिबीपासून सुरू करायची. शेवटी तीच चिडली. ‘मंग आमी गरीब न्हाई व्हय?’ वन्सं म्हणाल्या, ‘आहात. पण त्याला कलम नाही. तू गरीब आहेस हे ऐकून तहसीलदार हळहळेल आणि चहा प्यायला जाईल. त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत, वाट होती का आणि कुणी अडवली. वाट होती, एवढंच सांग.’ मला ते फार निष्ठुर वाटलं. एखाद्या बाईच्या आयुष्यातलं सगळं दुःख बाहेर काढून ठेवायचं आणि उरलेली एक पायवाट घेऊन कोर्टात जायचं. पण नंतर मी विचार केला, तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं त्या बाईचं दुःख सगळ्यांनी ऐकून घेतलं होतं, पुढाऱ्यांनी, संस्थावाल्यांनी, पेपरवाल्यांनी, आणि कुणीही बाभळीची एक फांदी हलवली नव्हती.

जागेची पाहणी करायला तहसीलदार आले त्या दिवशी वन्सं मलाही घेऊन गेल्या. ‘चल, करमणूक होईल,’ म्हणाल्या. बापूसाहेबांनी बांधावर खुर्च्या टाकल्या होत्या, चहा, बिस्किटं, पाण्याचा जार. तहसीलदार नाकाला रुमाल लावून चालत होते, जसं काही शेत म्हणजे उकिरडाच. बापूसाहेबांच्या वकिलाने त्यांना आधीच बजावलं असावं, कारण बापूसाहेब सुरुवातीला तोंड उघडत नव्हते. केवळाबाई पुढे आली. हात जोडले नाहीत. ‘इथं वाट व्हती. माझी सासू ह्याच वाटेनं नांदाया आली, मी बी ह्याच वाटेनं आले. संक्रांतीला बंद केली, तिजेला उघडली अन् पुन्हा बंद केली.’ एवढं बोलून ती मागे सरली. मग वन्संनी अगदी घरगुती आवाजात विचारलं, ‘बापूसाहेब, तीज तुम्हाला मिळते का हो दरवर्षी? की नायक उगीच सांगतो?’

माणूस पेटला. ‘उगीच म्हंजे? माझ्या वडलापासून पहिला मान आमचा! ह्या बाभळीखाली पोरी येतात.’

‘येतात कुठून?’

‘कुठून म्हंजे? तांड्यातून, ह्याच...’ त्यांच्या वकिलाला जोरात खोकला आला.

‘यंदा नसतील आल्या. तार होती ना.’

‘आल्या की! म्या सोता उभं राहून तार काढली. पेपरात फोटो हाय!’ तहसीलदारांच्या कारकुनाने ते लिहून घेतलं. खोकला आता थांबला होता. परतताना वन्सं एस.टी.त खिडकीशी बसल्या आणि पोट धरून हसल्या. हा माणूस थोडा कमी फुशारकीचा असता तर आपण हरलो असतो, असं त्या मला म्हणाल्या.

निकाल तांड्याच्या बाजूने लागला. वाट मात्र मोकळी झाली नाही. वर अर्ज झाला, स्थगिती आली, साहेब बदलले, नवे साहेब आले, फाइल सापडेना, सापडली तर साहेब रजेवर. वन्सं तारखेला जात राहिल्या, केवळाबाई तारखेला जात राहिली. या सगळ्या काळात बापूसाहेब सोडले तर शोकसभेतला एकही वक्ता कचेरीच्या पायरीवर दिसला नाही. वाट शेवटी पोलीस बंदोबस्तात मोकळी झाली, तेव्हा मात्र सगळे उगवले. एका पुढाऱ्याने फीत कापायचं ठरवलं, पाटीही रंगवून आणली, ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’. वन्सं तापाने आजारी होत्या, पण त्यांनी केवळाबाईला निरोप धाडला की फीत कापू देऊ नका. उद्घाटन नव्या रस्त्याचं करतात, ही वाट जुनीच. फीत कापली तर वाट आजपासून सुरू झाली असं होईल आणि उद्या हेच लोक म्हणतील की आधी नव्हतीच. तांड्याच्या बायांनी फीत गुंडाळून पुढाऱ्याच्या हातात दिली. त्याचा चेहरा कसा झाला होता ते केवळाबाईने आमच्या खोलीत करून दाखवलं, आणि तापातही वन्सं हसत राहिल्या.

हे सगळं शोकसभेत बसून आठवत होतं, म्हणूनच तांड्यातलं कुणी आलं नाही याचा मला इतका संताप आला. पुढारी खोटे असतात हे ठीकच, पण ही माणसं? घरी येऊन मी ह्यांना म्हटलंसुद्धा, काम झालं की बाईही संपली त्यांच्यासाठी.

परवा बाजाराच्या दिवशी केवळाबाई आली. आता तिचे केस पांढरे झालेत. बरोबर तांड्यातल्या दोघी होत्या. मी दार उघडलं पण या म्हटलं नाही. म्हटलं, सगळं गाव सभेला आलं होतं, तुम्हाला तेवढं जमलं नाही. केवळाबाईने माझ्याकडे बघितलं. ‘त्या दिशी आमी तहसीलात व्हतो बाई,’ ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. वकीलबाई नांदेडच्या दवाखान्यातून परत येत नाही हे कळलं, आणि बापूसाहेबांच्या माणसांनी वाटेवर खांबांचे खड्डे खणायला घेतले. बाई गेली त्याच आठवड्यात खांब उभे राहिले, तार ओढली गेली. म्हणजे इकडे बापूसाहेब डोळ्यांना रुमाल लावून मनभेद नव्हते म्हणत होते, तेव्हा तिकडे तार लागून बसली होती. ‘थावरू नाईक आता न्हाई, त्याचा लेक नायक हाय,’ केवळाबाई सांगत होती. ‘तो म्हने, बाईचं सुतक हाय, तेरावा होऊ द्या, मंग बघू. सगळी मानसं व्हय म्हनली. म्या म्हनलं, न्हाई. सुतक धरून बसलो तर बाई वरून शिव्या देईल. दुसरा वकील गाठला, दावा लावला. सगळे तांडेवाले गेल्तो, म्हनून सभेला कुनी आलं न्हाई.’

मी बाजूला झाले. तिघी आत आल्या. केवळाबाई वन्संच्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसली नाही, खाली फरशीवर बसली. या खोलीत वन्सं कुणाला रडू द्यायच्या नाहीत. रडायला लागलेल्या माणसाला त्या म्हणत, आधी दावा लागू दे, मग हवं तितकं रड, तोवर मला काम करू दे. मला ते फार कठोर वाटायचं. केवळाबाईने खुर्चीकडे बघितलं, पदर तोंडाला लावला.

‘तारीख पडली बाई,’ ती म्हणाली. मला नव्हे, खुर्चीला. ‘आता रडू का?’

आणि ती रडू लागली... मी तिच्याशेजारी फरशीवर बसले.